जुन्या वाटेची वही

१

नोटबुर्गा प्लाट्नरच्या घरी चोरी झाली असं कुणी सांगितलं असतं, तर ओबरग्राटच्या लोकांनी त्याला आधी घोटभर पाणी पाजलं असतं आणि मग हाताला धरून घरी पोचवलं असतं. एकोणीसशे मीटरवरचं गाव ते. इथे दाराला कडी घालतात ती वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

पण नोव्हेंबरातल्या त्या रविवारी नोटबुर्गा चर्चमधली मिस्सा आटोपून साडेअकराला घरी आली, बैठकीच्या खोलीत क्रूसाखालच्या फळीकडे तिची नजर गेली आणि अंगातला कोटही न काढता ती मटकन बाकावर बसली. फळीवर वही नव्हती.

पोलीस चाळीस मिनिटांवर, खाली दरीत. झेंझी राइनर समोरच्या घरात. साहजिकच झेंझीला बोलावणं गेलं. चौतीस वर्षं या बाईने स्कीवरून घरोघर टपाल वाटलेलं. आता त्रेसष्ट वर्षांची, निवृत्त. पण कुणाच्या घरात काय शिजतंय याचा वास घ्यायची सवय काही निवृत्त होत नाही.

"रडू नकोस," ती आल्या आल्या म्हणाली. "आधी सांग, शेवटची कधी पाहिलीस?"

"निघताना. पावणेदहाला. रोज पुसते मी ती, झेंझी. अकरा वर्षं एक दिवस चुकले नाही."

वही कोर्बिनियानची, म्हणजे नोटबुर्गाच्या नवऱ्याची. त्याच्यासारखा वाटाड्या या डोंगरांनी पाहिला नाही, आणि हे त्याच्याशी भांडलेले लोकही कबूल करायचे. हिमनदीच्या माथ्यापासून थेट या घराच्या कुंपणापर्यंत स्कीवरून उतरणारी 'जुनी वाट' त्याने वहीत खुणेखुणेने लिहून ठेवली होती. कुठे डावीकडे राहायचं, कुठे बर्फाखाली भेगा आहेत, किती वाजता कुठला उतार सोडायचा. तो गेला आणि त्या वाटेने कुणी उतरलं नाही.

यंदा मात्र उतरायचं ठरत होतं.

नोटबुर्गाच्या घरात पाहुण्यांची सुट्टी ठरवायची रीत वेगळी होती. पाहुण्यांनी शरदात पत्र लिहायचं. कोण आजारातून उठलंय, कुणाचं मूल पहिल्यांदाच स्कीवर उभं राहणार, कोण नवऱ्यावर रुसून एकटीच येतेय, सगळं लिहायचं. मग नोटबुर्गा विचार करून प्रत्येकाचा आठवडा ठरवायची, आणि कुठल्या दिवशी कुठला उतार हेसुद्धा. प्रत्येक कुटुंबाच्या नावाची एकेक लाकडी पट्टी होती. संत मार्टिनच्या दिवशी, म्हणजे अकरा नोव्हेंबरला, त्या पट्ट्या भिंतीवरच्या आठवड्यांच्या खिळ्यांना लागायच्या. एकदा लागली की लागली. वादळ आलं तरी पट्टी हलायची नाही.

यंदा सगळ्या पट्ट्यांची जागा ठरली होती, एक सोडून. ओटिली ह्रूबी. व्हिएन्नात जुनी चित्रं साफ करणारी बाई, तीस हिवाळे इथे येत होती. तिच्या डोळ्यांत कडेकडेने अंधार शिरत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा हिवाळा दिसेल, पुढच्याचं सांगता येत नाही. तिचं पत्र चारच ओळींचं होतं. मी बावीस वर्षांची असताना कोर्बिनियान म्हणाला होता, एक दिवस तुला जुन्या वाटेने नेईन. यंदा नेलं नाही तर मग नेऊन उपयोग नाही.

"परवा मार्टिनचा दिवस," नोटबुर्गा म्हणाली. "ओटिली पट्टी लागताना पाहायला आज संध्याकाळच्या बसने येतेय. काय सांगू मी तिला?"

 झेंझी फळीसमोर वाकली होती. वहीची पेन्सिल खिळ्याला दोऱ्याने बांधलेली असायची. दोरा चाकूने नीट कापला होता, पेन्सिल गेली होती. खाली बाकावर पाच-सहा आखूड पांढरे केस पडले होते. आणि बाजूला, कोर्बिनियानच्या फोटोपुढे, लाल काचेच्या पेल्यात मेणबत्ती जळत होती.

"ही तू लावलीस?"

"मी मिस्साहून आल्यावर लावते. अजून कोटसुद्धा..." नोटबुर्गा थांबली.

मेणबत्ती चांगली दोन बोटं उतरली होती. चोर वही घेऊन गेला होता, आणि जाताना मेलेल्या माणसापुढे दिवा लावून गेला होता.

२

झेंझी चर्चमध्ये नेहमी शेवटच्या रांगेत बसते. देव पुढून दिसतो, माणसं मागून, असं तिचं म्हणणं. त्यामुळे मिस्साला कोण नव्हतं हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. नोटबुर्गाची सून योझेफा घरीच होती. केबलगाडीच्या कंपनीचा व्यवस्थापक गेबहार्ट श्टेखर प्रवचन रंगात आलं असताना उठून गेला होता. आणि वाटाड्या फाइट मोझर आलाच नव्हता.

योझेफा मागच्या खोलीत उशांना अभ्रे घालत होती. तिने अभ्रा झटकला तो झेंझीच्या नाकासमोर.

"माझ्यावरच संशय असेल ना, मावशी? सगळ्या गावाला माहीत आहे, मला त्या पट्ट्या न् ती पत्रं कॉम्प्युटरवर हवीत."

"कॉम्प्युटरवर कोण कुणावर रुसलंय ते दिसतं का गं?"

"नाही दिसत," योझेफा नाइलाजाने हसली. मग अभ्रा मांडीवर ठेवून बसली. "खरं सांगू? ती वही मी जाळली असती. चोरली नसती, जाळली असती. बाबांनी शेवटचं लिहिलं त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांपूर्वीची माझी कंबर तरी आज तशीच आहे का? पण आईंसमोर बोलायची सोय नाही. उन्हाळ्यात हिमनदीचा मोजणीवाला आला होता, तो नुसतं म्हणाला की ही वही आता जुनी झाली. त्याला आईंनी अर्ध्या जेवणावरून उठवलं. वहीला खोटं म्हणणारा माझ्या घरात जेवणार नाही, म्हणाल्या."

"कुणी आलं-गेलं ऐकलंस?"

"दार वाजलं एकदा. दहाच्या सुमारास. आईच काही विसरल्या असतील वाटलं."

गेबहार्ट आपल्या कचेरीच्या पायरीवर कुत्र्याला घासत होता. कुत्रा दुधासारखा पांढरा, आणि केस वाऱ्यावर उडत होते. झेंझीने ते पाहिलं, आणि तिने पाहिलेलं गेबहार्टने पाहिलं.

"बसा, झेंझीबाई. मला फोन आला होता. प्रवचनात फोन घेणं पाप असेल, चोरी नाही."

"वही तीनदा मागितली होतीस म्हणे."

"चारदा. जुनी वाट आमच्या माहितीपत्रकात यावी, खांब रोवावेत, रोज शंभर माणसं उतरवावीत, असं माझं स्वप्न आहे. नोटबुर्गाबाईंनी चारही वेळा मला सूप पाजून घालवलं. पाचव्यांदा मागणार होतो. सूप फार चांगलं असतं हो त्यांचं."

"आज तिच्या घरी गेला होतास?"

"कुत्र्याला विचारा. तो माझ्यासारखं खोटं बोलत नाही."

झेंझीने खाली बसून कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. तळहाताला लागलेले केस लांब होते, मऊ होते, बोटाभोवती गुंडाळता येत होते. तिने खिशातून रुमाल काढून त्यात बांधून आणलेले बाकावरचे केस बोटाने दाबले. ते टोचले. आखूड, ताठ, आणि सगळे एका मापाचे.

हा कुत्रा नव्हे, हे तिला कळलं. मग काय आहे हे जिभेवर होतं, पण येत नव्हतं.

३

चारच्या बसमधून ओटिली उतरली ती पायाने पायरी चाचपत. तिची बॅग घ्यायला फाइट पुढे धावला. एकतिसाव्या वर्षीच गावातला सगळ्यात भरवशाचा वाटाड्या. कोर्बिनियानने त्याला बारा वर्षांचा असल्यापासून हाताखाली घेतलेलं. हिवाळ्यात ओटिलीला नेणार होता तो हाच.

"काय धुकं होतं खाली," ओटिली म्हणाली. "ड्रायव्हर म्हणाला, तीन दिवस दरीत सूर्य नाही. मला वाटलं माझेच डोळे गेले. आणि शेवटच्या वळणावर एकदम सगळं उघडलं." ती डोंगरांकडे पाहत उभी राहिली. मान हळूहळू फिरवत, एकेक शिखर वेगळं उचलून घेतल्यासारखं. कुणी घाई केली नाही.

नोटबुर्गाने तिला वहीचं सांगितलं नाही. तिच्यासमोर सूप ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसत बसली.

झेंझीने फाइटला लाकडांच्या ढिगाआड गाठलं.

"मिस्साला दिसला नाहीस रे."

"खाली दरीत आईकडे होतो, मावशी. सकाळपासून. आत्ताच वर आलो."

"कशी आहे ती?"

"गुडघे दुखतात म्हणते. शेगडीपाशीच बसलो होतो दिवसभर."

त्याच्या हनुवटीच्या खालचा भाग लालभडक होता, नाकपुड्यांच्या कडासुद्धा. झेंझीने बोट दाखवलं.

"वस्तरा लागला," तो म्हणाला आणि कॉलर वर ओढली. मग लाकडांकडे बघत बोलला, "वही मिळाली नाही तर जुनी वाट रद्दच करायला हवी ना? म्हणजे... कदाचित तेच बरं."

"ओटिलीला तू सांगशील?"

 पोरगा रात्री तीनला कुणाच्या हाकेला धावून जाणारा. त्याला असा खाली मान घालून उभा पाहून झेंझीला वाईट वाटलं.

घरी येऊन ती बूट काढायला माळ्याच्या जिन्याखाली वाकली. तिथे तिच्या जुन्या स्की होत्या, आणि खुंटीला टांगलेल्या दोन केसाळ पट्ट्या. चढताना स्कीखाली चिकटवायच्या, म्हणजे बर्फावर पाय मागे घसरत नाही. चौतीस वर्षं त्यांच्यावरून ती चढली होती. तिने सहज पट्टीवरून हात फिरवला, आणि तळहात उजेडात धरला.

आखूड, ताठ, पांढरे केस.

४

सोमवारी सकाळी आठला झेंझीने स्की खांद्यावर घेतल्या. झाडं संपली तिथे बर्फ लागला, आणि पट्ट्या चिकटवून ती चढू लागली. खाली दरीभर धुकं पसरलं होतं, वर आभाळ इतकं स्वच्छ की डोळ्यांत पाणी यावं. त्रेसष्ट वर्षं पाहूनही या डोंगरांची तिला सवय झाली नव्हती, आणि तशी होऊ नये अशीच तिची इच्छा होती.

चालता चालता ती हिशेब जुळवत होती. अशा केसाळ पट्ट्या गावात घरोघर आहेत. पण नोव्हेंबरात, केबलगाडी बंद असताना, रविवारी सकाळी त्या खांद्यावर टाकून कोण फिरेल? थेट वर निघालेलाच. मग पेन्सिल. वही विकायची, लपवायची, जाळायची, तर पेन्सिल कशाला? वर जाऊन लिहायचं असेल तरच. आणि फाइटची हनुवटी. वस्तरा एवढा एकसारखा लागत नाही. माणसाला खालून ऊन लागतं ते एकाच ठिकाणी, बर्फावर. तिथे उजेड पायाखालून वर येतो. धुक्याने भरलेल्या दरीत, आईच्या शेगडीपाशी, हनुवटीखाली कुणी भाजत नाही.

संशय पक्का होता, पुरावा नव्हता. पण पुरावा कुठे असेल हे तिला माहीत होतं.

सव्वीसशे मीटरवर दगडी झोपडी आहे. हिवाळ्यात तिथे कुणी राहत नाही, दार मात्र उघडं असतं. आत चूल, चार घोंगड्या, आणि टेबलावर नोंदवही. वर जाणाऱ्याने नाव लिहायचं, कुठे जातोय, परत कधी, हवा कशी, दिसतं किती. कारण माणूस परतला नाही, तर शोधायला जाणारे ती वही वाचून निघतात. खोट्या ओळीपायी शोधणारे भलत्या उतारावर जाऊन मरतील. या गावचा माणूस बायकोशी खोटं बोलेल, कबुलीजबाब घेणाऱ्या फादरशी बोलेल, प्रसंगी झेंझीशीही बोलेल. या वहीशी बोलणार नाही.

झेंझीने पान उलटलं.

'रविवार. फाइट मोझर. एकटा. पश्चिमेची हिमनदी. दोनला परत फिरणार. दृश्यता उत्तम.'

नाव स्वच्छ अक्षरात होतं, एक काना कमी नाही. चोराने आपल्या हाताने कबुलीजबाब लिहून ठेवला होता, आणि लिहिताना त्याच्या मनातही आलं नसेल की न लिहिता जाता येतं. झेंझीला हसू आलं, आणि पाठोपाठ त्या पोराचा अभिमान वाटला.

मग तिने खालची ओळ वाचली आणि हसू मावळलं.

'सोमवार. तोच. तिथेच. दोनला परत.'

तिने खाली आपलं नाव लिहिलं, चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं. दोन वाजले. सव्वादोन झाले. अडीच झाले तेव्हा ती दारात उभी होती. वर हिमनदीची पांढरी पाठ उन्हात चकाकत होती, आणि तिच्यावर काहीही हलत नव्हतं.

५

तीनला दहा कमी असताना एक ठिपका दिसला. झेंझी आत जाऊन बसली आणि आल्यावर त्याच्यासमोर चहाचा कप सरकवला.

"पन्नास मिनिटं उशीर. आणखी दहा मिनिटांनी मी बचाववाल्यांना फोन करणार होते. मग गावभर कळलं असतं."

फाइटने नोंदवहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि खाली बसला. कोटाच्या आतल्या खिशातून मेणकापडात गुंडाळलेली वही काढून त्याने टेबलावर ठेवली.

"उद्या सकाळी परत ठेवणार होतो, मावशी."

"ते कळलं. चोर दिवा लावत नाही. का लावलास?"

"कोर्बिनियानकाकांची परवानगी मागितली. दुसरं काही सुचेना." त्याने कप दोन्ही हातांत धरला. "ऑगस्टमध्ये मी समोरच्या कड्यावरून पाहिलं. हिमनदी खचलीय. म्हटलं, वही घेऊन एकेक खूण पायाखाली घालावी. सतरा खुणा आहेत. नऊ जागेवर नाहीत. सातवी खूण म्हणते, डावीकडे राहा, निर्धास्त. तिथे आज आपलं चर्च घंटेसकट मावेल एवढी भेग आहे. फेब्रुवारीत वर बर्फाचा पातळ पूल धरेल, काही दिसणार नाही. वहीवर भरवसा ठेवून मी ओटिलीला त्यात नेलं असतं."

"मग हे नोटबुर्गाला सांगायचं."

"कसं सांगू? त्या रोज तिला पुसतात. म्हटलं, गुडघा दुखतो म्हणून ऐन वेळी नाही म्हणावं. वाटेल ते बोलोत मला. वहीला नको." त्याने खिशातून पावाचा चुरगळलेला कागद काढला. त्यावर बारीक रेघा, आकडे, बाण होते. "पण आज उजवीकडून वाट सापडली, खडकाच्या कडेने. तीनदा चढलो-उतरलो, म्हणून उशीर झाला. चांगली आहे, मावशी. जुनीपेक्षा सरस आहे."

"आणि हे वहीत का नाही लिहिलंस? पेन्सिल तर तोडून आणलीस."

"हात चालेना. त्यांचं अक्षर आहे ते."

झेंझीने वही उघडली. ती आयुष्यात पहिल्यांदाच उघडत होती. चार पानं वाचून तिने चष्मा पुसला आणि आणखी चार वाचली.

"वेडा आहेस," ती म्हणाली. "चल खाली."

मंगळवारी मार्टिनच्या सणाचा हंस भट्टीत भाजत होता, नावांच्या पट्ट्या टेबलावर रांगेने मांडल्या होत्या. ओटिली खिडकीशी बसली होती. झेंझीने वही नोटबुर्गासमोर ठेवली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. भेगेचंही.

नोटबुर्गाचा चेहरा कडक झाला. "म्हणजे माझ्या नवऱ्याची वही खोटी."

"अकरा वर्षांत उघडलीस का कधी?"

"पुसते मी ती."

"पुसतेस, वाचत नाहीस. वाच."

नोटबुर्गाने वही उघडली. पहिल्याच पानावर कोर्बिनियानने स्वतःची ओळ आडवी खोडून वर नवी लिहिली होती. पुढच्या पानावर दोनदा. सातव्या खुणेपाशी तर चौदा खाडाखोडी होत्या, प्रत्येकीपुढे साल, सगळी त्याच्याच अक्षरात. दर शरदात तो वर गेला होता, आणि दर शरदात त्याने स्वतःला खोटं ठरवलं होतं.

 योझेफा भट्टीचं दार उघडं धरून तशीच उभी राहिली होती.

"मी त्याचं थडगं पुसत होते," नोटबुर्गा म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. "आणि तो तर अजून चढतोय यात." तिने फाइटकडे हात पुढे केला. "पेन्सिल आण इकडे, चोरा."

पेन्सिल घेऊन तिने सातव्या खुणेची शेवटची ओळ स्वतः खोडली, साल घातलं, आणि वही त्याच्याकडे वळवली. "लिही. अक्षर नीट काढ. आणि दर शरदात मागायला ये. दोरा कापायची गरज नाही."

मग ती उठली, टेबलावरची शेवटची पट्टी उचलली आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या खिळ्याला लावली. ओटिलीने जवळ येऊन बोटांनी आपलं नाव चाचपलं, खात्री करून घेतल्यासारखं.

६

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी नोटबुर्गा आणि झेंझी कुंपणापाशी जाऊन उभ्या राहिल्या त्या पाऊणपासूनच. दोन वाजून गेल्यावर खडकाच्या उजवीकडून दोन ठिपके निघाले. पुढचा सारखा थांबून मागे वळायचा. मागचा संथ, मोठाली वळणं घेत यायचा, कसलीच घाई नसल्यासारखा. कुंपणाशी पोचल्यावर ओटिलीने काठ्या बर्फात रोवल्या आणि नोटबुर्गाला मिठी मारली. दोघी रडल्या, आणि मग दोघींनी सूप प्यायलं.

पुढच्या आठवड्यात झेंझी झोपडीपर्यंत चढली, खास नोंदवही पाहायला. बाकीच्यांच्या ओळी लहान आणि सरळ होत्या. ओटिलीचं अक्षर मोठं होतं, एका ओळीतून दुसरीत सांडलेलं. नाव. फाइट मोझरबरोबर. खाली, जुन्या वाटेने, घरी.

शेवटच्या रकान्यात, दृश्यता या शब्दाखाली, सगळ्यांनी उत्तम किंवा धुकं असं लिहिलं होतं. ओटिलीने लिहिलं होतं: पुरेशी.